आधी आभार

"बोला. पाच मिनिटं हायेत."

हे म्हणण्याआधी सिस्टर डावा हात उलटा करून मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ पाहायच्या. नर्सबायांची ही जुनी सवय आहे. रुग्णाची नाडी धरली की काटा समोर दिसला पाहिजे. नोकरी संपून बारा वर्षं झाली तरी सिस्टरच्या घड्याळाची तबकडी आतच राहिली. आणि पाच मिनिटं म्हणजे पाच. सहाव्या मिनिटाला त्या उठायच्या, तुमचं वाक्य अर्धं असलं तरी. नगराध्यक्ष समोर असोत की नळ सोडणारा, अर्धी वाक्यं सगळ्यांचीच राहिली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ उभं राहिलं की आपण काहीतरी चुकवतोय असं वाटतं. मला तर रोज वाटायचं. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीमागे एकवीस वर्षं बसलो आणि तेवढीच वर्षं सिस्टर बाळंतपणाच्या वॉर्डात उभ्या राहिल्या. मी बसलो आणि त्या उभ्या राहिल्या, हा फरक मी मुद्दाम सांगतो आहे.

मला त्या 'भाऊ' म्हणायच्या. दुपारी खिडकीवर गर्दी नसली की मी पेपर उघडायचो. तो उघडण्याचा आवाज त्यांना वॉर्डात कसा जायचा कोण जाणे. दारात येऊन म्हणायच्या, "भाऊ, टाइम आपला नसते. वापरायले भेटला हाये."

"वापरूनच तर राह्यलो, सिस्टर. पेपर वाचून राह्यलो."

"हा तर कालचा हाये."

खरंच कालचा असायचा.

सिस्टर ख्रिस्ती. मिशन कंपाउंडच्या मागच्या आळीत दोन खोल्यांचं घर, अंगणात एक सीताफळाचं झाड, लग्न केलेलं नाही. पहाटे उठल्यावर पाय जमिनीवर टेकवायच्या आधी तीन गोष्टींसाठी देवाचे आभार मानायचे, हा त्यांचा नेम होता. तीन नवीन गोष्टी, काल सांगितलेल्या चालायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, रोज तीन म्हणजे संपत नाहीत का? तर म्हणाल्या, "भाऊ, तुमाले काल लघवी साफ झाली का? झाली ना? मंग एक तर झाली." त्यानंतर मी त्यांना अध्यात्मावर काही विचारलं नाही.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे पोस्टकार्डं. लोक एकमेकांना मोबाइलवर हात जोडलेली चित्रं पाठवतात त्या काळात ही बाई पोस्टातून गठ्ठ्यानं कार्डं आणायची आणि गावभर आभार मानायची. त्यातही एक तऱ्हा होती. काम व्हायच्या आधीच त्या आभार लिहून ठेवायच्या. "आधी आभार, मंग काम," असं त्यांचं म्हणणं. विश्वास ठेवायचा तर आधी ठेवावा, नंतर तर कोणीही ठेवतो.

सरकारी माणसाला कार्ड आधीच जायचं. त्यांच्या आळीतला विजेचा दिवा चार महिने बंद होता तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. 'आपण आमच्या आळीतला दिवा लावून दिलात, आपले व देवाचे आभार,' असं कार्ड वीज कंपनीच्या साहेबांना टाकलं. साहेब गोंधळले. आपण लावलाच नाही तर आभार कसले, म्हणून माणूस पाठवून पाहिलं आणि पाहिलंच आहे तर लावूनही टाकला. यावर आम्ही दवाखान्यात आठवडाभर हसलो.

आपल्या माणसांचं कार्ड मात्र लिहून डब्यात राहायचं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मजकूर पूर्ण, सही पूर्ण, फक्त तारखेची जागा कोरी. काम झालं की त्या दिवशी तारीख घालायची आणि कार्ड हातात द्यायचं. तुम्ही त्यांना नुसतं "हो, करतो" म्हटलं की डब्यात तुमचं कार्ड पडलं असं समजायचं. आम्ही याचीही थट्टा करायचो. सिस्टरला हो म्हणू नका रे, तिकडे पावती फाटते, असं म्हणायचो.

माझी आई शेवटचे पाच महिने अंथरुणावर होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. सिस्टर निवृत्त झालेल्या, तरी रोज दुपारी तीनला यायच्या, वीस मिनिटं ड्रेसिंग करायच्या, हात धुवायच्या आणि जायच्या. चहा कधी घेतला नाही. "चहाचे दहा मिनिटं पुढच्या घरी देतो," म्हणायच्या. आई गेली, तेरावं झालं, पै-पाहुण्यांचे आभार मानून झाले. सिस्टरचे मानायचे राहिले. घरच्याच आहेत, त्यांचे काय मानायचे, असं मी स्वतःला सांगितलं. मला स्वतःला काहीही सांगितलं की पटतं.

आता खरी गोष्ट सांगतो.

तीन वर्षांपूर्वी अंगणात पडून सिस्टरच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हातात चार पायांची काठी आली. एसटीची पायरी चढणं कायमचं बंद झालं. गेल्या वर्षी पोळा झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. नेहमीसारखं घड्याळ पाहिलं आणि या वेळी म्हणाल्या, "दहा मिनिटं लागतीन."

त्यांना राजूरला जायचं होतं. वणीजवळचं, कोळशाच्या खाणीचं राजूर. तिथं त्यांची थोरली बहीण मुलाकडे राहत होती. सिस्टरला बहीण आहे हे मला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

"ताई चुन्याच्या भट्टीवर होती," त्या म्हणाल्या. "टोपल्या वाहे. बोटं फाटून जात तिचे. त्या पैशात मी नर्सिंग शिकली. लोकायले वाटते मिशननं शिकवलं. मिशननं शिकवलं, पण पोटाले ताईनं घातलं."

मग त्यांची आई वारली. निरोप सकाळी आला तेव्हा वॉर्डात एक बाई अडली होती. मूल आडवं होतं. सिस्टर थांबल्या. मूल हाती आलं, मग त्यांनी दुपारची गाडी धरली. राजूरला पोचल्या तेव्हा माती देऊन लोक परत येत होते. बहिणीनं सगळ्यांसमोर म्हटलं, "लोकायसाठी टाइम हाये तुयाकडं, मायसाठी नाही. पुन्हा येऊ नको." सिस्टर पुन्हा गेल्या नाहीत. पंचवीस वर्षं.

"साऱ्या गावाले कार्डं लिहिले, भाऊ. तिले एक नाही लिहिलं. आभार ठेवून ठेवले का आंबते." बोलताना त्या घड्याळाकडे पाहत नव्हत्या. "आता भाचा फोनवर म्हणते, ताई आजारी राह्यते, माझं नाव घेते. मी एकदा जातो. तिचे हात हातात घेऊन म्हणतो, बस."

मी म्हटलं, फोनवर बोला ना. त्या म्हणाल्या, "हात फोनवर धरता येते का?"

चर्चच्या मंडळीतल्या कोणाला का नाही सांगत, असंही मी विचारलं. ख्रिस्ती लोकांत दोन-तीन जणांकडे गाड्या आहेत. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मला फार आवडलं होतं. आता आठवलं की तोंड कडू होतं. "मंडळीत सांगतलं का तो प्रार्थनेचा विषय होते. मले प्रार्थना नाही पाहिजे, गाडी पाहिजे." मग म्हणाल्या, "नाहीतर भाड्यानं करतो एखादी."

इथं मी काय केलं ते नीट ऐका. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी असताना भाड्याची गाडी? सिस्टर, माझा अपमान करता का? येत्या रविवारी जाऊ."

सिस्टरचा चेहरा उजळला. त्या रात्री त्यांनी माझं कार्ड लिहिलं असणार आणि डब्यात टाकलं असणार. शनिवारी राजूरला फोन केला, उद्या येतो म्हणून.

त्या रविवारी आमच्याकडे गणपतीला पाहुणे आले. हे कारण खरं होतं. पुढच्या रविवारी गाडीची बॅटरी उतरली. तेही अर्धं खरं होतं, ढकलली असती तर सुरू झाली असती. त्याच्या पुढच्या रविवारी मॅच होती. मग साळ्याकडे पितरांचं जेवण निघालं. मग सकाळी झिमझिम पाऊस होता आणि यवतमाळच्या पुढचा रस्ता खराब आहे असं कोणीतरी म्हणालं. मग दसरा. सातव्या रविवारी काहीच नव्हतं. मी झोपलो होतो. उठलो तेव्हा साडेनऊ झाले होते, आणि आता निघून काय उपयोग, म्हणून दिवाणावर पडून दुपारपर्यंत मोबाइलवर अनोळखी माणसं नाचताना पाहिली.

मी निवृत्त माणूस आहे. मुलगा पुण्यात, बायको भजनात, शेत बटाईनं दिलेलं. माझ्याकडे वेळाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तोही मी दिला नाही. दर शनिवारी संध्याकाळी सिस्टरना जाऊन सांगायचो, "उद्या पक्कं." त्या म्हणायच्या, "आभारी हाये, भाऊ." दर शनिवारी. एकदाही "काहून नाही आले?" म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो असतो आणि त्या भाड्याची गाडी करून गेल्या असत्या. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यात सगळं बिघडलं.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र मी लगेच केली. बहिणीच्या फाटलेल्या बोटांसाठी त्यांनी मलम मागितलं होतं. जुन्या पद्धतीनं घोटून, बाटलीत भरून, त्याच दिवशी दिलं. त्याला पाचच मिनिटं लागतात.

आठव्या रविवारी मी गेलो. बायकोनं शनिवारी रात्री मला असं काही सुनावलं होतं की जाणं भाग होतं. पहाटे उठून टाकी भरली आणि बरोबर सहाला गाडी त्यांच्या दारात उभी केली. मला वाटलं होतं, सिस्टर घड्याळ पाहतील आणि शाबासकी देतील.

सिस्टर दारातच खुर्चीवर बसल्या होत्या. नवं पातळ, पायाशी पिशवी, पिशवीतून मलमाची बाटली डोकावत होती.

"बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता घाई नाही."

बहीण साडेचारला गेली होती. भाच्याचा फोन पाच वाजता आला होता.

मी म्हणालो, "चला सिस्टर. निघू लगेच. मातीला तरी पोचू."

"कायले?"

"तोंड तरी दिसेल."

"मले आभार मानायचे होते. मेलेल्या माणसाचे आभार लोकायले दाखवायसाठी असते." त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग मला सांगितलं, आवाज न चढवता, जसं रुग्णाचं तापमान सांगावं तसं. "भाचा सांगत होता. ताई सात रविवार नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली म्हणे. सकाळपासून. संध्याकाळी घरात नेलं का म्हणे, गाडी पंक्चर झाली असंन."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक रस्त्याबद्दलच काहीतरी बोललो. सिस्टर आत गेल्या, रोजचं पातळ नेसल्या आणि काठी टेकत नऊच्या उपासनेला चर्चला, त्यांच्या भाषेत देवळात, गेल्या. गाडीत बसा म्हटलं तर म्हणाल्या, "जवळच हाये."

माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी संध्याकाळी जायचो, त्या चहा ठेवायच्या. फक्त मनगट उलटं करणं बंद झालं. "बसा, भाऊ. कितीही वेळ बसा." तीस वर्षं ज्या बाईनं मला पाच मिनिटांच्या वर दिली नाहीत, तिनं आता अख्खी संध्याकाळ समोर ठेवली होती आणि मला पाच मिनिटं बसवत नव्हतं. कप अर्धा टाकून मी उठायचो.

कापूस घरात आला की त्यांच्या मंडळीत हंगामाचा सण असतो. लोक पिकातलं पहिलं आणून वेदीपुढे मांडतात. कापसाची बोंडं, तुरीच्या शेंगा, भोपळे, एखादी बांधलेली कोंबडी. मग एकेकानं उभं राहून वर्षभराचे आभार मानायचे. त्याला साक्ष म्हणतात. वेळ सिस्टर लावायच्या, माणशी दोन मिनिटं. एका वर्षी पाळकसाहेबांना, म्हणजे खुद्द धर्मगुरूंनाच, त्यांनी थांबवलं होतं, "साहेब, दोन झाले." मी दरवर्षी पाहुणा म्हणून जायचो, खरं तर नंतरच्या जेवणासाठी.

या वर्षीही गेलो. सगळ्यांच्या साक्षी झाल्या, शेवटी सिस्टर उठल्या. काठीवर भार देऊन त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि गप्प राहिल्या. देऊळ शांत. कोंबडी तेवढी मधूनमधून फडफडत होती. लोकांना वाटलं, वय झालं, शब्द सापडत नसतील. कोणीतरी हळूच "हालेलूया" म्हणून मदत केली. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "दोन मिनिटं झाले." आणि बसल्या. ती दोन मिनिटं कोणाची होती हे देवळात कळणारा मी एकटाच होतो. मी जेवलो मात्र पोटभर.

होळीच्या आसपास सिस्टर गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

अंत्यविधी चारला ठरला होता. चारला खड्डा तयार होता, पेटी तयार होती, गाव जमलं होतं. पण एक मोठे पाहुणे यायचे होते, ते पुसदहून निघाले होते आणि दर पंधरा मिनिटांनी नुसते निघालेलेच होते. पावणेसहाला आले. मग भाषणं. सिस्टरकडून वेळेचं मोल शिकावं, असं प्रत्येकानं दहा-दहा मिनिटं सांगितलं. पाहुण्यांनी वीस मिनिटं सांगितलं. आणि तुम्ही मला फार भला समजू नये म्हणून सांगतो, मीही बोललो. माइक हातात आला, मी बोललो. कृतज्ञता या विषयावर, सात-आठ मिनिटं. लोकांनी डोळे पुसले. मला थांबवणारं तिथं कोणी नव्हतं.

दिवस मावळता मावळता माती दिली. पांगापांग झाल्यावर पाळकीणबाई पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत दोनच कार्डं उरली होती. पहिलं खड्डा खणणाऱ्या दोघांसाठी होतं. 'आपण माझी कबर वेळेवर खणलीत, आपले व देवाचे आभार.' बाईंनी पेन काढून त्यावर त्या दिवसाची तारीख घातली आणि त्या दोघांच्या हातात दिलं. त्या दिवशी गावात वेळेवर काम केलं ते त्या दोघांनीच. कार्ड वाचून दोघं कुदळींशेजारी उकिडवे बसले आणि रडले.

दुसरं माझं होतं.

'भाऊ, सप्रेम सलाम. आपण मला राजूरला नेलंत. ताईची भेट झाली. आपण आपला एक पूर्ण दिवस मला दिलात. आपले व देवाचे आभार.' खाली सही, आणि 'तारीख' या शब्दापुढे कोरी जागा.

"हे काम कधी झालतं, भाऊ?" पाळकीणबाईंनी विचारलं. "तारीख टाकायची राह्यली वाटते सिस्टरची. पेन देऊ का?"

मी म्हणालो, घरी जाऊन टाकतो.

सिस्टर विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. बहीण गेल्यावर चार महिने तो डबा त्यांच्या उशाशी होता. कार्ड फाडायला किती वेळ लागतो? त्यांनी फाडलं नाही. माफ केलं म्हणून ठेवलं, की मला मिळावं म्हणून ठेवलं, हे विचारायला आता जागा नाही. मी त्यांचे आभार मानले नाहीत ते नाहीतच. आईच्या पाठीच्या त्या पाच महिन्यांचेही नाहीत.

कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. अधूनमधून काढतो, पेन उघडतो. समोर कॅलेंडर असतं. त्यावरचे सात रविवार मी पेन्सिलनं गोल करून ठेवले आहेत. त्यातला कोणता लिहावा, तेवढं ठरत नाही.